हेल्गाबाईंनी कोरलेला माणूस

मागच्या महिन्यात मुंबईतल्या कुठल्याशा कलाशाळेच्या दोन मुली आमच्या पेणच्या घरी आल्या. हेल्गाबाईंवर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. जन्म कधीचा, शिक्षण कुठं झालं, पहिलं प्रदर्शन कुठल्या साली, असे प्रश्न त्या एकामागून एक विचारत होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की बायांनो, यातलं मला फारसं ठाऊक नाही. ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावच्या. वडील मिठाच्या खाणीत कामाला. व्हिएन्नात शिकल्या, आधी मोठाली तैलचित्रं केली, पुढं लाकडावर कोरून छापायला लागल्या आणि पुन्हा ब्रशकडे वळल्या नाहीत. एवढं पाच मिनिटांत सांगून झालं. मुली हिरमुसल्या. मग त्यातली धाकटी भीत भीत म्हणाली, "पण त्या होत्या कशा?" हे आधी विचारलं असतं तर चहा गार झाला नसता.

हेल्गाबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या रोह्याच्या एका लाकडाच्या वखारीत. मी तेव्हा रोह्याला शाळेत शिकवायचे, पेणहून गाडीनं जाऊन-येऊन. वखारवाल्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. एका दुपारी ती धावत आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या वखारीत एक गोरी आजी आलीय नि लाकडं हुंगतेय. पप्पांना कायपन कळत नाय, तुम्ही चला." गेले. उंच, सडपातळ बाई, साठीच्या आसपासची, केस पेन्सिलीनं कसेतरी वर खोचलेले. एकेका फळीवर बोटांची पेरं वाजवून ती कान लावत होती. सागवान तिनं बाजूला सारलं, आंबाही सारला. शिवणीच्या फळीपाशी थांबली, नाक लावलं, नखानं एक रेघ ओढून पाहिली, आणि हरवलेलं माणूस सापडावं तशी हसली. इंग्रजीत मला म्हणाली, लाकूड मिळालं, आता बसून कोरायला जागा हवी.

जागा आमच्याकडे होती. पेणात कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. माझे सासरे, अण्णा, यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा जन्म गणपती केले होते. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी काम थांबवलं आणि शेड रिकामी पडली. हेल्गाबाई काही महिन्यांसाठी म्हणून त्या शेडमध्ये आल्या आणि वर्षानुवर्षं राहिल्या. मधे मधे मायदेशी जायच्या, परतायच्या. परतल्या की आधी शेडमधली लाकडं बघायच्या आणि मग आम्ही.

मराठी त्या अण्णांकडून आणि खाडीकाठच्या बायकांकडून शिकल्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आदरार्थी नावाची भानगडच नव्हती. नव्वदीला टेकलेल्या अण्णांना त्या "अण्णा, तू जेवला?" असं विचारायच्या. आमच्या घरात अण्णांपुढं कोणी खोकायचं नाही, आणि ही बाई त्यांना अरे-तुरे करते म्हटल्यावर मला घाम फुटायचा. अण्णा मात्र खूष. "इतक्या वर्षांनी कोणीतरी मला अरे म्हणतंय," म्हणायचे.

त्यांचं काम मी जवळून पाहिलं. जे कोरायचं त्याच्यासमोर जाऊन बसायचं, ही त्यांची पहिली अट. आठवून, कल्पना करून त्या काही काढत नसत. ऊन असो, चिखल असो, फळी मांडीवर घेऊन दिसेल ते थेट लाकडात कोरायचं. मग शेडमध्ये येऊन लाकडाला रुळानं काळी शाई लावायची, वर पातळ कागद पसरायचा आणि पाठीमागून घासायचं. घासायला त्यांच्याकडे परदेशी हत्यार होतं, पण इथं आल्यावर त्यांना माझ्या स्वयंपाकघरातला करवंटीचा डाव सापडला. तो गेला तो गेलाच. त्या गोल बुडानं त्या तासन्‌तास कागद घासत बसायच्या आणि मी आमटी स्टीलच्या पळीनं वाढायची.

खाडीकडची मिठागरं हा त्यांचा जीव. बरीचशी मिठागरं बंद पडलेली, धरमतरच्या जेट्टीवर बार्ज लागतात आणि त्यांच्या आवाजाखाली उरलेल्या मिठागरांत थोडी माणसं राबतात. हेल्गाबाई सकाळी शेअरची विक्रम रिक्षा पकडून तिकडे जायच्या. एकदा मी विचारलं, की काळ्या शाईत पांढरं मीठ कसं दाखवता? त्या म्हणाल्या, "मीठ मी दाखवत नाही. जिथं मीठ आहे तिथलं लाकूड काढून टाकते." मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही. छाप पाहिल्यावर कळलं. अख्खं चित्र काळं आणि मधे कागद तसाच कोरा राहिलेला, तेच मीठ.

आता लाकडावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे येतं. बाकीचे कलावंत म्हणे याचा विचार करून आधीच उलटं कोरतात. हेल्गाबाई तसं करत नसत. "डोळ्यानं दिसलं तसं हात करतो. पुढचं कागद बघेल," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या चित्रांत आमची सगळी खाडी उलटी. जेट्टी पलीकडच्या काठाला, सूर्य भलतीकडे. व्हिएन्नातल्या लोकांना काय फरक पडणार होता? फरक पडला तो आमच्या घरात. अण्णांनी हौसेनं स्वतःची जुनी गणेशमूर्ती त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ह्याचा एक छाप काढ, देव्हाऱ्याशेजारी लावू. हेल्गाबाईंनी चार दिवस खपून तो सुंदर कोरला. कागद उचलला आणि अण्णा डोळे विस्फारून बघतच राहिले. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला होता.

"अगं बाई, हा कडक देव आणलास तू घरात! ह्याचं सोवळं कोण पाळणार?"

हेल्गाबाईंनी आपलं कागदाचं तत्त्वज्ञान ऐकवलं. अण्णा म्हणाले, "कागदाचं ठीक आहे गो, पण नैवेद्य कागद करणार नाही, ही सून करणार." शेवटी तो गणपती देव्हाऱ्याशेजारी न लागता शेडच्या भिंतीवर गेला. सोवळ्यातून मी सुटले, म्हणून हेल्गाबाईंची बाजू घेतली नाही.

धर्मा आणि त्याची बायको हिराबाय हे मिठागरातलं जोडपं. हेल्गाबाईंची त्यांच्याशी गट्टी जमली ती वडिलांच्या खाणीवरून. आमच्याकडे मीठ डोंगरातून खणून काढतात, असं हेल्गाबाईंनी सांगितल्यावर धर्मा पोट धरून हसला होता. "डोंगरान मीठ? मंग तुमच्या दर्यान काय हाय, भात?" आमच्याकडे दर्याच नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. दर्या नसलेला देश त्याला डोळ्यांपुढं आणता येईना. हिराबायनं त्या दिवशी त्यांना भाकरी आणि सुकट खायला घातली. दर्या नसलेल्या बाईची तिला दया आली असावी.

धर्मा डावखुरा होता. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन तो पाण्यातलं मीठ ओढायचा, ते डावा हात पुढं टाकून, कमरेतून वाकून. हेल्गाबाईंनी त्याला तसाच कोरला. तोंड अर्धं आपल्याकडे वळलेलं, ओठ दाबलेले, एका गालावर ऊन. त्यांच्या सगळ्या कामांत ते मला सर्वांत आवडतं. छाप पाहून धर्मा म्हणाला, "ह्यो तर सुधारलेला धर्मा! मास्तरनी छड्या मारून मारून नाय झाला, त्यो बाईनी उजव्या हाताचा केला." हिराबायला ते बिलकूल आवडलं नाही. हेल्गाबाईंनी तिला एक प्रत देऊ केली तर तिनं हात मागं घेतला. "जिता माणूस घरान फिरतंय, नि त्याचा चित्र भितीला? नको गो. मेल्यावर लावतान." आमच्याकडे हे असं मानतातच, त्यामुळे मीही आग्रह केला नाही. ठरलेल्या सगळ्या प्रती बाहेर गेल्या. स्वतःकडे हेल्गाबाई एकही प्रत ठेवत नसत. घरात ठेवली की हात पुन्हा तेच करतो, असं म्हणायच्या.

प्रती काढून झाल्या की त्या लाकूड अंगणात न्यायच्या आणि जाड पटाशीनं त्याला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत खोल छेद द्यायच्या. पुन्हा त्यातून धड छाप निघू नये म्हणून. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. महिना महिना खपून केलेलं काम असं चिरायचं? अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "ओरडू नकोस. विसर्जन आहे ते." गणपती करणाऱ्या माणसाला ते सांगावं लागलं नाही.

यामागचं कारण हेल्गाबाईंनी मला एकदाच सांगितलं. व्हिएन्नात त्यांचे एक वृद्ध गुरू होते. ते वारल्यावर त्यांची लाकडं व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी छापावर छाप काढले, रेषा झिजून गेल्या तरी काढले आणि खाली गुरूंचं नाव घालून विकले. एका दुकानाच्या काचेत हेल्गाबाईंनी ते बुजलेलं चित्र पाहिलं. गुरूंच्या आईचं चित्र होतं ते, आणि तिला डोळे उरले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की एका लाकडाच्या जितक्या प्रती सांगितल्या तितक्याच, त्याउपर एक नाही. 

त्यानंतर अण्णा गेले. मग दोनेक वर्षांनी धर्मा गेला. मिठागरातच छातीत कळ आली आणि बांधावर बसला तो उठला नाही. मी आणि हेल्गाबाई भेटायला गेलो. खुर्चीवर फोटो ठेवला होता, पुढं समई. फोटो आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला. ताणून ताणून पार धुरकट झालेला, डोळे वटारलेले. पोलिसांना हवा असलेला एखादा माणूस वाटावा, असा आमचा हसरा धर्मा दिसत होता. दुसरा एकही फोटो त्याचा एकट्याचा नव्हता.

हिराबायनं हेल्गाबाईंचा हात धरला. "गो हेल्गा, ह्यो नाय माझा माणूस. बघ जरा. तू केलेला त्यो दे मना. उत्तरकार्याला लोका येतील, त्यांनी ह्याच्या पाया पराचा काय?" मग थोडं थांबून म्हणाली, "पन हात बरोबर कर. त्यो डावरा व्हता."

हेल्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही, हिरा. लाकूड संपला." हिराबायला वाटलं लाकूड चुलीत गेलं. तिनं हात सोडला आणि पदर तोंडाला लावला.

लाकूड कुठं गेलं नव्हतं. शेडच्या माळ्यावर छेद दिलेल्या बाकीच्या लाकडांबरोबर उभं होतं. परतताना रिक्षात मी त्यांच्याशी कचकचून भांडले. व्हिएन्नाचं कोण येतंय इथं बघायला? एका विधवेच्या भिंतीवर एक प्रत लागली तर कुणाचं काय बिघडतं? माझा पारा चढला की मला थांबता येत नाही. हेल्गाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "चुलीत घाला तुमचा शब्द." नंतर पेण येईपर्यंत आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून शेडचं दार बंद. जेवायलाही येईनात. मी डबा दारात ठेवायची. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, आत गेले. जमिनीवर कागदांचा खच पडला होता आणि प्रत्येकावर धर्मा. त्या त्याला आठवून काढायचा प्रयत्न करत होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच. एकातही तो नव्हता. कुणाचं तरी नाक, कुणाचे तरी खांदे. हेल्गाबाईंची बोटं काळी झाली होती आणि चेहरा रडून सुजला होता. इतकी मोठी कलावंत, पण समोर माणूस नाही तर तिचा हात नुसता भिरभिरत होता. "तो समोर नाही," एवढंच त्या म्हणाल्या. माझा सगळा राग तिथंच उतरला.

मग त्या उठल्या आणि शिडी लावून माळ्यावरून धर्माचं लाकूड काढलं. धूळ पुसली. छेद धर्माच्या कपाळापासून गालावरून, खांद्यावरून खाली फावड्यापर्यंत गेला होता. लाकडाला शाई लावताना ती छेदात शिरू नये म्हणून त्या जपत होत्या. मला वाटलं होतं त्या तो छेद पुट्टीनं भरून टाकतील. मी तसं सुचवलंही. "नाही. भरला तर तो जुनाच छाप होतो. मग माझ्या शब्दाला मी खोटी," त्या म्हणाल्या. कागद ठेवला, करवंटीच्या डावानं घासला, उचलला. सुधारलेला, उजव्या हाताचा धर्मा, आणि त्याला आरपार कापत गेलेली पांढरी रेघ.

शाई ओली होती तोवर त्यांनी त्या छापावर दुसरा कोरा कागद ठेवला आणि तो घासला. छापाचा छाप. उलट्याचं उलटं झालं आणि धर्मा आपल्या डाव्या हातावर परत आला. शाई अर्धीच उतरल्यामुळे चित्र काळं न येता राखाडी आलं, धुक्यातून पाहावं तसं. पण तोंड त्याचंच होतं. ओठ दाबलेले, गालावर ऊन. ऊन आणि ती रेघ मात्र सारखीच पांढरी. पहिला छाप हेल्गाबाईंनी तिथंच फाडला.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी आम्ही चित्र घेऊन गेलो.  नवऱ्याच्या तोंडावर काट मारलेलं चित्र बायकोला कसं द्यायचं, ही धास्ती आम्हा दोघींनाही होती. हिराबायनं चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि उजेडाकडे नेलं. हात बघितला. तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्या काय हाय?"

 मीच सांगितलं, की आता ह्या चित्राची दुसरी प्रत निघायची नाही, त्याची ती खूण आहे.

हिराबाय चित्राकडे बघतच म्हणाली, "मंग बरोबर हाय. आता दुसरा कुठशी येनार?"

 हेल्गाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. थोड्या वेळानं सवयीनं त्यांनी केसांतली पेन्सिल काढली आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्याशी नेली.

"काय लिवतंस गो?" हिराबायनं विचारलं.

"त्या आपलं नाव घालतात चित्राखाली," मी म्हटलं.

"तुजा कशाला? त्याचा घाल. मिठागर शेटचा, घर भावाच्या नावावर. त्याचा नाव कुठंच नाय."

हेल्गाबाईंना देवनागरी लिहिता येत नव्हती. मी माझ्या तळहातावर लिहून दाखवलं आणि त्यांनी ते बघून बघून चित्राखाली उतरवलं. 'धर्मा'. रफार जरा पुढं गेला. मी सुधारायला गेले नाही. जगभर त्यांची जितकी चित्रं आहेत त्यांत त्यांचं नाव नसलेलं हे एकच. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "हा प्रतींत मोजायचा नाही. हा माझा नाही," आणि किती दिवसांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

पुढं गुडघे आणि हृदय दोन्हींनी तक्रार सुरू केली. भाचीनं आग्रह धरला आणि हेल्गाबाई कायमच्या परत जायला निघाल्या. विमान मुंबईहून, म्हणजे उत्तरेला जायचं, पण त्यांनी गाडी आधी धरमतरच्या रस्त्याला घ्यायला लावली. ड्रायव्हर कुरकुरला. हिराबाय दारातच कोळंबी निवडत बसली होती. तिनं हात धुतले आणि ती बाजूला झाली.

चित्र भिंतीवर होतं. काच नाही, फ्रेम नाही, चार खिळे. खाडीच्या हवेनं कागदाला ओल धरली होती, कडेला पिवळे डाग आले होते. मी मनात म्हटलं, आता बोलणार. कागद भिंतीला टेकवून ठेवला म्हणून ह्याच बाईनं मला वर्षानुवर्षं फैलावर घेतलं होतं. हेल्गाबाई नुसत्या जवळ गेल्या. कोपरा सुटला होता तो अंगठ्यानं दाबून बसवला. हिराबाय त्यांच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. दोघी रडत नव्हत्या, मीच रडत होते.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हेल्गाबाईंनी चपला घातल्या, काठी घेतली, आणि उंबऱ्यावरून वळून, आत कामात असलेल्या माणसाला सांगावं तसं, मोठ्यानं म्हणाल्या, "धर्मा, येते मी."